मोकळी मेमरी आणि ‘मेमरी अपुरी’

नव्या सर्व्हरला ६४ जीबी रॅम, त्यातली बहुतेक मोकळी, आणि पडद्यावर संदेश मेमरी अपुरी असल्याचा! पतसंस्थेच्या संगणक विभागात मी नुकतीच लागले होते आणि हा हिशेब काही केल्या जुळेना.

आमचा प्रोग्रॅम व्हिज्युअल फॉक्सप्रोमधला. सगळ्या शाखांतले लोक रिमोट डेस्कटॉपने मुख्य कार्यालयातल्या एकाच सर्व्हरवर येतात. प्रत्येकासाठी प्रोग्रॅमची वेगळी प्रत चालते. विंडोज सर्व्हर २००३ होता तेव्हा मार्चअखेरच्या गर्दीत उशिरा येणाऱ्यांना लॉगिनच मिळत नसे. नव्या सर्व्हरवर ती अडचण संपली. पण लेखापाल एकट्याच काढतात तो वार्षिक व्याजाचा अहवाल मात्र पूर्वीसारखाच अर्ध्यावर तुटत होता. गर्दीला मेमरी पुरते आणि एकट्या माणसाला पुरत नाही, हे कसं?

“अगं, तू दोन प्रश्न एकात घालतेयस,” आमच्या मॅडम म्हणाल्या. “एकाला किती मिळते हा एक, आणि एका वेळी किती जण मावतात हा दुसरा.”

कागदावर त्यांनी आकडा लिहिला: ४,२९,४९,६७,२९६. ३२ बिटांत एवढेच पत्ते मांडता येतात, म्हणजे ४ जीबी. गावात घरं कितीही बांधा, पोस्टमनच्या वहीत नसलेल्या घरी पत्र जात नाही. ३२-बिट विंडोज या ४ जीबीचे सहसा दोन वाटे करते: २ जीबी प्रोग्रॅमला, २ जीबी स्वतःला. प्रोग्रॅमचा वाटा प्रत्येक प्रतीला वेगळा मिळतो, विंडोजचा मात्र सगळ्यांत मिळून एकच. आत आलेल्या प्रत्येकाच्या, उघडलेल्या प्रत्येक फाइलच्या नोंदी त्यातच राहतात. त्यातला एक भाग, नॉनपेज्ड पूल, सर्व्हर २००३ मध्ये फार तर २५६ एमबी. रॅम शिल्लक असतानाही माणसं अडायची ती या वाट्यात जागा उरत नसल्यामुळे. मला हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

६४-बिट विंडोजने ती भिंत फार दूर नेली. (२००९ च्या सर्व्हर २००८ आर२ पासून ३२-बिट सर्व्हर आवृत्ती निघतच नाही.) आता साधं गणित चालतं: एका माणसाला २०० एमबी धरले तर चाळीस जणांना ८ जीबी. माणसं वाढली की रॅम वाढवायची.

पण अहवाल काढणारी प्रत ३२-बिटच राहिली. विंडोज तिला ‘वाव६४’ नावाच्या थरातून चालवते आणि वापरायला देते तेच २ जीबी. प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये ‘मोठे पत्ते चालतील’ अशी खूण असेल, तरच ४ जीबी मिळतात.

“मग ती खूण आपणच करूया का?” मी विचारलं.

“नको. जुना कोड कधी कधी २ जीबीच्या पुढचा पत्ता ऋण संख्या समजतो. ठेवीदारांच्या खात्यांवर असला प्रयोग करायचा नाही.”

मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. बंद पडलेला अहवाल निदान दिसतो. चुकीचं व्याज महिनोन्‌महिने कुणाला दिसणार नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. फॉक्सप्रो सुरू होताना सर्व्हरची रॅम पाहून आपल्या बफरची मर्यादा ठरवतो. इतकी माणसं शेजारी बसली आहेत याचा विचार त्यात नसतो. ‘सिस ३०५०’ या आज्ञेने ती मर्यादा आम्ही आखून दिली आणि अहवाल शाखावार तोडला. आता तो पूर्ण निघतो.

सध्या माझं लक्ष व्यवहारांच्या टेबलाकडे आहे. फॉक्सप्रोची एक डीबीएफ फाइलही २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि ही मर्यादा फाइलच्या रचनेतच असल्यामुळे रॅम कितीही घातली तरी हलत नाही. म्हणून जुन्या वर्षांचे व्यवहार वेगळ्या टेबलांत हलवायचं काम मी मागून घेतलं आहे.