लाइट गेल्यावर कुणाचं चालतं?

आई गेली त्या वर्षी आम्ही भावंडांनी ठरवले, की हिर्डोशीच्या घरात इंटरनेट आणायचे. अण्णा पुण्याला यायला तयार नव्हते आणि त्यांना रोज डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्हाला झोप लागत नव्हती. भोरहून महाडला जाणारा रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने वरंधा घाटाकडे जातो, त्या रस्त्यावरचे हे गाव, हिरडस मावळातले. पावसाळ्यात ढग असे खाली उतरतात की समोरचा डोंगर दिवसेंदिवस दिसत नाही. अशा ठिकाणी एकट्या माणसाला भिंतीवरच्या घड्याळाखेरीज आणखी काही तरी सोबत हवे, एवढाच आमचा विचार होता.

धाकटीने तक्ता केला. वेग किती, दरमहा किती, सोबत चित्रपट कोणते फुकट. आम्ही तिघांपैकी दोघे साहित्य शिकवणारे. शब्दांनी आपण फसत नाही, हा आमचा जुना गैरसमज. जाहिरातीत ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ असे होते. आम्ही १०० वाचले आणि ‘पर्यंत’ सोडून दिले. वास्तविक त्या वाक्यात खरे बोलणारा शब्द तेवढाच होता. हे शब्दयोगी अव्यय वरची हद्द सांगते, खालची सांगत नाही. शून्यसुद्धा शंभरपर्यंतच्याच प्रदेशात येते. शेजारी ‘अमर्याद’ असे ठळक अक्षरांत होते आणि त्या अमर्यादाची मर्यादा खाली बारीक अक्षरांत. विद्यार्थ्यांना विरोधाभास अलंकार शिकवताना आम्ही उगाच जुनी उदाहरणे शोधत बसतो.

आमच्या पिढीला निवड करण्याची सवय उशिरा लागली, हेही खरे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा विकणारा एकच होता. खासगी कंपन्यांना वाट मिळाली ती १९९८च्या धोरणाने. पुढे निवड वाढली तशी परिभाषाही सरकत गेली. २००४च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, २०१३मध्ये ५१२, २०२३पासून किमान २ एमबीपीएस. २०११मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली, ‘पोर्ट करणे’ हे क्रियापद घराघरांत गेले. २०१६मध्ये जिओ आले आणि डेटा इतका स्वस्त झाला की भावाची घासाघीस करण्यात अर्थ उरला नाही. मग ग्राहकाने पाहायचे तरी काय? आम्ही वेग पाहिला. शहरात राहणारा माणूस वेगच पाहतो, कारण बाकीच्या गोष्टी त्याने गृहीत धरलेल्या असतात.

सिमवर चालणारा राउटर आम्ही पुण्यातच घेतला आणि हिर्डोशीला नेऊन माजघराच्या खिडकीत ठेवला. मे महिन्यात तो उत्तम चालला. अण्णा पडद्यावर दिसत. निम्मे कपाळ आणि वर आढे, पण दिसत.

जुलैत भातलावणीच्या दिवसांत तीन दिवस धुवाधार पाऊस लागला आणि लाइट गेली. राउटर तत्काळ गेला, ते अपेक्षितच होते. पण अण्णांच्या मोबाइलमध्येही त्याच कंपनीचे सिम आम्हीच मोठ्या हुशारीने घालून दिले होते आणि टॉवरची बॅटरी संपल्यावर तेही मुके झाले. कंपनीच्या मदत क्रमांकावरचा गोड आवाज आम्हाला एक दाबा, दोन दाबा असे सांगत राहिला. हिर्डोशीतल्या माणसाची चौकशी करायला कोणता आकडा दाबावा, हे त्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही भोरच्या स्टँडवर जाऊन एसटीच्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी दिली. घाटाकडे दरड आल्याची बोलवा होती, गाडी कुठवर जाईल याची कोणी हमी देत नव्हते. त्या संध्याकाळी भोरच्या लॉजवर आम्ही तिघे एकमेकांशी फारसे बोललो नाही. थोरल्याने फक्त एकदा विचारले, तो तक्ता कुठे आहे.

रात्री नऊला अनोळखी नंबरावरून फोन आला. “मी बरा आहे,” अण्णा म्हणाले, “शेजारच्या मावशींच्या फोनवरून बोलतोय. यांचं चालू आहे.”

चौथ्या दिवशी घरी पोहोचलो तेव्हा त्या मावशी चहा घेऊन आल्या. आम्ही वेगाचे, प्लॅनचे सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ते समदं खरं ओ सर, पन लाइट गेल्यावर कुनाचं चालतं ते इचारलं का?”

आम्ही विचारले नव्हते. आमच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. त्या दिवशी गावात चार घरी गेलो, आणि कळले की या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला पाठ आहे. कोणत्या टॉवरची बॅटरी किती तास टिकते, कुठे जनरेटरला डिझेल घालायला माणूस येतो, कोणाची रेंज ओट्यावर मिळते आणि कोणाची आंब्याखाली. ‘स्पीड’ हा शब्द एकानेही काढला नाही. त्यांचा शब्द ‘रेंज’. मावशींच्या नातीला अभ्यासाचे व्हिडिओ लागतात, तिला वेग नको असे नाही. पण आधी लागला पाहिजे, मग पळाला पाहिजे, असा तिचा क्रम. (जाता जाता : मराठीत नेट म्हणजे जोर, चिकाटी. नव्या नेटाला त्या जुन्या नेटाची बरीच गरज आहे.)

मोबाइल कंपन्यांनी आपल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळांवर द्यावेत, असा दंडक ट्रायने २०२४च्या नियमांत घातला आहे. चांगलेच झाले. पण नकाशा रंगतो तो बाहेरचा प्रदेश. जाड भिंतींचे माजघर त्यात नसते, आणि लाइट गेल्यावर तो रंग किती तास टिकेल हेही नसते. त्यासाठी मावशीच लागतात. अडाणी गिऱ्हाईक शेजाऱ्याचे पाहून घेते, असे आम्ही पूर्वी हसून म्हणत असू. शेजाऱ्याने चार पावसाळे त्या सिमवर काढलेले असतात, हे आमच्या लक्षात आले नव्हते. शिवाय दोन्ही घरांचे एकदम बंद पडले तर भोरच्या दुकानात जाऊन भांडायला दोन माणसे होतात, हा अण्णांचा मुद्दा.

अण्णांनी पोर्ट केले. राउटर अजून खिडकीत आहे, लाइट असेल तेव्हा चालतो. संध्याकाळी सातला ते मागच्या ओट्यावर येऊन फोन करतात. चित्र बहुधा येत नाही. आवाज येतो, त्यामागे पागोळ्यांचा आवाज येतो आणि मधूनच मावशी काही तरी ओरडून सांगतात तेही येते. आम्ही वर्षभराचे पैसे आगाऊ भरले होते, त्यामुळे त्या राउटरचा डेटा रोज पडून राहतो. परवा अण्णांनी विचारले, “उरलेलं मावशींच्या नातीला देता येतं का रे?”