पत्ता बदलू नका

मराठी शिकविणाऱ्या माणसाला घरातले लोक एरवी फारसे काही विचारीत नाहीत. पण संगणक बिघडला, की कोण जाणे कसे, सर्वांना माझीच आठवण होते. परवा नवरात्राच्या सुटीत सूर्यमाळला थोरल्या चुलतभावाकडे गेलो, तेव्हा मी हातपाय धुण्यापूर्वीच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चहा मागाहून. आधी त्या यंत्राकडे बघा. वैशाखापासून मुकं बसलंय."

सूर्यमाळ म्हणजे मोखाडा तालुक्यातला एक उंच माळ. कसाऱ्याला आगगाडीतून उतरायचे आणि विहीगाव, खोडाळा करीत वर चढायचे. दादांनी या भागातल्या आश्रमशाळांतून जन्मभर गणित शिकविले आणि निवृत्त झाल्यावर ते इथेच राहिले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. पण दादांच्या पत्राच्या माथ्यावर अजून 'जि. ठाणे' असेच असते. "पत्रं पोचतात ना? मग झालं तर!" असे ते म्हणतात. माणसाचा स्वभाव कळावा म्हणून एवढे सांगितले.

झाले होते असे. वळवाच्या पहिल्या पावसात वीज पडली आणि जुना राऊटर जळून गेला. नवा आणून बसविला. त्याचे दिवे मोठ्या ऐटीत लुकलुकू लागले, पण संगणक काही त्याला ओळख देईना. खोडाळ्याहून एक मुलगा आला होता. दादांनी त्याला चहा पाजला आणि आतल्या मांडणीला हात न लावू देता परत पाठविला! दादांना मोतीबिंदू. फोनच्या चिमुकल्या काचेत टोरांटोच्या मुलाचे तोंड त्यांना नीट दिसत नाही, म्हणून दर रविवारी रात्री ते संगणकाच्या मोठ्या पडद्यापुढे बसत. आता पाच महिने वहिनी फोनवर बोलतात आणि दादा ओटीवर येरझारा घालतात.

मी प्रथम सर्वजण करतात तेच केले. दोन्ही यंत्रे बंद केली, मनात वीस अंक मोजले, पुन्हा चालू केली. फरक नाही. तार उपसून पाहिली. त्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा जोडीजोडीने पीळ घालून बसविलेल्या असतात आणि टोकाची टोपी 'टक्' असा आवाज करून बसली नाही तर सारे व्यर्थ. इथे टोपी व्यवस्थित टक् म्हणाली. मग वहिनींचा फोन राऊटरला जोडून पाहिला. तो तत्काळ जोडला गेला. म्हणजे राऊटर निर्दोष, खोट संगणकाकडे.

संगणकाला दुसऱ्या यंत्राची विचारपूस करायला लावण्याची एक सोय असते. तिला पिंग म्हणतात. आधी १२७.०.०.१ या आकड्याला हाक मारली. हा पत्ता ज्याचा त्याचा स्वतःचा. उत्तर आले, प्रकृती ठीक होती. मग राऊटरच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर छापलेला त्याचा पत्ता पाहिला, १९२.१६८.१.१, आणि तिकडे हाक मारली. उत्तर आले, "तिथवर पोचता येत नाही." पण हे सांगत कोण होते? नीट पाहिले तो उत्तर देणाऱ्याचा पत्ता १९२.१६८.०.१०, म्हणजे आमचाच संगणक! स्वतःच हाक मारायची आणि घरात कुणी नाही असे स्वतःच सांगायचे.

तेव्हा उलगडा झाला. जगातल्या यंत्रांसाठी जुन्या पद्धतीचे एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे ओळखून काही आकडे केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे त्यांतलेच. गावोगाव मारुतीची आळी असावी तसे हे पत्ते घरोघर असतात. साधारणपणे राऊटरच प्रत्येक यंत्राला पत्ता वाटून देतो. पण आमच्या संगणकाला कुणीतरी पत्ता कायमचा नेमून दिला होता. जुना राऊटर शून्याच्या आळीत होता, नवा एकाच्या आळीत आला. संगणक मात्र जुन्या आळीत मेलेल्या शेजाऱ्याची वाट पाहत बसलेला!

"दादा, सापडलं. एक खूण बदलायची, की झालं."

दादा काही बोलले नाहीत. त्यांनी संगणकाच्या पेटीची मागची बाजू माझ्याकडे वळविली. तिच्यावर एक कागद चिकटविलेला होता. शाई फिकट झालेली, पण अक्षर वळणदार: '१९२.१६८.०.१०. बाबा, हा पत्ता बदलू नका.'

"पुण्याला वसतिगृहात होता तेव्हा त्यानं लावून दिलंय," दादा म्हणाले. "यंत्र बिघडलं, की तिथं बसून तो दुरुस्त करायचा. म्हणाला होता, हा आकडा कायम असला तरच मला बाहेरून वाट सापडेल. तू बदललास तर त्यानं शोधायचं कुठं?"

बाहेरून आत येणारी ती वाट जुन्या राऊटरमध्ये आखलेली होती. वीज पडली तेव्हाच ती जळाली. नव्यात तिचा मागमूसही नव्हता. हे दादांना सांगावे म्हणून मी तोंड उघडले आणि मिटले. गणिताच्या मास्तरांना ते ठाऊक नसेल असे तरी कशावरून?

बाहेर अंधार पडला. वहिनींनी चहा आणून ठेवला, तो निवला. मी तो कागद पुन्हा वाचला आणि मग सुचले, की संगणकाला हलविण्यापेक्षा राऊटरलाच त्याच्या आळीत आणून बसवावे! वहिनींच्या फोनवरून राऊटरचे पान उघडले, चिठ्ठीवरचा परवलीचा शब्द घातला आणि त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.१ केला. दहाचा आकडा दुसऱ्या कुणाला वाटू नकोस, एवढेही त्याला बजावले. तो क्षणभर विझला, पुन्हा पेटला. संगणकाच्या कोपऱ्यातली फुली नाहीशी झाली. कागद जागच्या जागी राहिला.

रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे दुपारी बाराला, मुलाचे तोंड पडद्यावर आले. दादांनी खुर्ची पुढे ओढली आणि बराच वेळ नुसतेच पाहिले.

"काय बिघडलं होतं हो बाबा?"

"काही नाही रे," दादा म्हणाले. "तू लिहिलेला पत्ता बरोबर होता. नव्या डब्यालाच ठाऊक नव्हता. दाढी कधी वाढवलीस?"