डायनामो गेला, म्हणजे काय गेलं?

बडोद्याच्या गोल्डन चोकडीकडून येणारा ट्रक गॅरेजात शिरतो तो निदान सोबत घेऊनच. 'भाऊ, डायनामो गयो,' असं इथला ड्रायव्हर म्हणतो. राजस्थानकडचा असेल तर 'उस्ताद, डायनामो बदल दो.' त्याचं सगळं बोलणं मी ऐकून घेतो, कारण निम्मं काम त्यातच होतं. रात्री दिवे पिवळे पडतात का? सकाळीच सेल्फ उचलत नाही, की ढाब्यावर थांबून निघतानाही? बॅटरी अलीकडे कुणी काढली होती? पण हा डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, बदलायचा की नाही, हे मी त्याच्या सांगण्यावरून ठरवत नाही. 'गेला' म्हणून उतरवलेल्यांत धडधाकट अल्टरनेटर कितीतरी निघतात.

आधी बॅटरी. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी असेल तर ती घासल्याशिवाय पुढचं कुठलंच माप खरं नाही. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चालू केल्यावर 13.8 ते 14.4 यायला हवेत. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात, तिथे हे आकडे दुप्पट. मग हेडलाइट, वायपर, पंखा सगळं लावून पुन्हा बघायचं. बिनलोडाचं माप शोभेचं असतं.

जुने मिस्त्री इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायचे. इंजिन बंद पडलं नाही तर डायनामो चांगला, असा निवाडा. पेट्रोलच्या गाडीत त्याला थोडा तरी अर्थ होता. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला मात्र चालत राहायला बहुतेक वेळा वीज लागतच नाही. अल्टरनेटर पूर्ण मेलेला असला तरी ते धडधडत राहील. शिवाय बॅटरी अशी अचानक सुटली की दाब उसळतो आणि चांगले डायोडही जळतात. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 ट्रकमध्ये तर इंजिनाचा कंप्युटरच पणाला लागतो. ही चाचणी कुणी करताना दिसला की मी त्याचा हात धरतो. कोयलीच्या रिफायनरीवर जाणाऱ्या टँकरवाल्यांनाही हेच सांगतो: आधी इंजिन बंद, मगच मास्टर स्विच.

माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल दिव्यावर. लोक त्याला नुसती धोक्याची खूण समजतात. खरं तर बहुतेक जुन्या ट्रकमध्ये अल्टरनेटरला जागं करतो तो हाच दिवा. चावी फिरवली की बॅटरीचा थोडासा प्रवाह या बल्बातून कार्बनवाटे रोटरमध्ये जातो आणि रोटरमध्ये चुंबकत्व येतं. इंजिन फिरू लागलं, वीज तयार झाली, की बल्बच्या दोन्ही टोकांना दाब सारखा होतो आणि तो विझतो. म्हणून चावी लावल्यावर दिवा लागलाच नाही, तर मला काळजी वाटते. ड्रायव्हरला वाटतं, लाल काही दिसत नाही म्हणजे सगळं ठीक. इकडे बल्ब उडालेला किंवा त्याची बारीक वायर तुटलेली असते, आणि चांगला अल्टरनेटर काही न करता नुसता फिरत असतो. कधी कधी जोरात रेस दिली की उरल्यासुरल्या चुंबकत्वावर तो जागा होतो, आणि मग 'कधी चार्ज होतं, कधी नाही' अशी तक्रार येते. बल्ब बदलून निघून जाणारा ट्रक बघताना जे समाधान वाटतं, ते नवा माल विकून मला कधी मिळालं नाही.

दिवा इंजिन चालू असतानाही मंद जळत राहिला तर डायोडवर संशय. रात्रभर उभ्या ट्रकचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर संशय पक्का. बॅटरी तिथूनच रिकामी होते आहे.

समजा, खरंच गेला आहे. नवा बसवण्याआधी जुना का गेला हे मी शोधतो, कारण ते कारण ट्रकमध्येच राहिलं तर नव्याचीही तीच गत होणार. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 26 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडून शहरात शिरली. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर सुरू झाल्या, पण गाळ बेरिंगमध्ये बसला होता. त्यातले अल्टरनेटर पुढे महिनोन्महिने कुरकुरत येत राहिले.

जुन्या टाटा 407 ची गोष्ट वेगळीच. तिच्या अल्टरनेटरच्या पाठीवर ब्रेकच्या बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप असतो, आणि त्याला इंजिनाचंच ऑइल जातं. मधलं सील गेलं की ऑइल आत झिरपतं, कार्बन आणि स्लिप रिंग चिकट होतात आणि चार्जिंग बसतं. कार्बन बदलून दिले तर काही दिवस चालतं. पण सील तसंच आहे ना!

या शहरात 1890 साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. हातातली विद्या लोकांच्या भाषेत शिकवायची, हा तिथला आग्रह होता. मलाही तो मनापासून पटतो. ऑइलने माखलेला कार्बन मी ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवतो आणि जमेल त्या गुजराती-हिंदीत सगळं समजावतो. पैसे त्याच्या शेठचे जातात, पण रात्री हायवेवर दिवे गेले तर अंधारात तोच असतो.

बसवणं तसं सरळ. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची, शेवटी जोडायची. पट्टा गुळगुळीत चकाकत असेल तर तो घसरत होता, तोही बदलायचा. ताण अंगठ्याने दाबून बघायचा. फार ओढला तर बेरिंग जातं. 407 असेल तर पंपात थोडं स्वच्छ ऑइल घालूनच पाइप जोडायचे.

आणि मल्टिमीटरवर 14 दिसले म्हणून तिची चावी लगेच द्यायची नाही. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल चार-सहा वेळा मारायचं, म्हणजे ते कडक होतं. पाय तसाच दाबून सेल्फ मारला की पेडल जरासं खाली गेलं पाहिजे. हे मी स्वतः करतो, आणि मग ड्रायव्हरला सीटवर बसवून त्याच्याच पायाने करायला लावतो. पेडल खाली गेलं नाही, तर व्हॅक्यूमचा पाइप पुन्हा उघडायचा. मग माल पोचायला कितीही उशीर होवो.