कारवीची बोंडं

बोरिवली पूर्व,
२२ जून २०२५

ती. आत्यास,


परवा फोनवर तू थेटच विचारलंस, "देव मानतेस की नाही ते एकदाचं सांग." मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती. सत्यनारायणाला पाटावर बसले नाही हे तुझ्या मनाला लागलंय, ते कळतं. म्हणून पत्र.

देव्हारा होता तिथेच आहे. आई पूजा करते, दूर्वा मीच आणून देते. माझी अडचण एवढीच की हात जोडले की तोंडातून मागणंच निघतं. दहावीचे मार्क, नोकरी, फ्लॅटचं कर्ज, शेवटी अण्णांचं ऑपरेशन. नवस बोलले होते. अण्णा गेले तेव्हा दुःखाच्याही आधी राग आला, व्यवहारात कुणी फसवल्यावर येतो तसा. नंतर त्या रागाची लाज वाटली. तेव्हापासून हात जोडायचे म्हटलं की अवघडल्यासारखं होतं.

अण्णांनीच मला २००८ साली कारवी फुललेली दाखवायला नॅशनल पार्कात नेलं होतं. तू तेव्हा हसली होतीस, "कारवी काय बघायची? कुडाला मारायची ती!" खरंच, एरवी तिच्याकडे कोण बघतं? सात वर्षं नुसती पानं, आठव्या वर्षी अख्खा डोंगर जांभळा, मग झुडूप वाळून जातं. २०१६ चा बहर मी एकटीने पाहिला. मागच्या वर्षी, २०२४ मध्ये, पुन्हा गेले. दोन तास उतारावर बसले, मधमाश्यांचा नुसता गुंजारव. उठताना लक्षात आलं, या दोन तासांत मी काहीच मागितलं नव्हतं. मागणार तरी कुणाकडे? आपण पाहावं म्हणून ती फुललेली नव्हती.

याला तू भक्ती म्हणशील का, मला माहीत नाही. मला तो शब्द वापरायचा धीर होत नाही.

आणि रानात गेलं की धर्म सुटला, असंही नाही हं. त्याच रानात कान्हेरीची शंभरहून जास्त लेणी आहेत. तिथले भिक्खू संघाचे नियम पाळणारेच होते, आणि सोपारा-कल्याणच्या दात्यांची नावं आजही शिलालेखांत आहेत. पण मला चैत्यगृहापेक्षा बाहेरच्या पोढी आवडतात. लेण्यालेण्याशी कातळात खोदलेलं टाकं, वरून चर मारून पाऊस त्यात वळवलेला. पावसाळ्याचं पाणी धरून वर्ष काढायचं. महाशिवरात्रीला तिथे एवढी गर्दी लोटते की पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मी घरीच थांबते.

आरेच्या पाड्यांवर वारली लोक वाघोबाला पूजतात. बिबट्यालाही ते वाघच म्हणतात. मी एकदा कौतुकाने बोलून गेले, "किती छान, तुम्ही निसर्गालाच देव मानता." तिथल्या एक आजी म्हणाल्या, "रात्री लेकरू बाहेर जातं ना, म्हणून मानतो." मी गप्प. त्यांचा देव दाराशी फिरतो. मी तिकीट काढून आत जाते आणि संध्याकाळी लिफ्टने सातव्या मजल्यावर येते. माझ्या या रानातल्या शांतपणाला फार मोठं नाव देऊ नये, हे त्या आजींनी शिकवलं. पण तो खोटा आहे असंही वाटत नाही.

आज सकाळी कान्हेरीच्या वाटेला गेले होते. मागच्या वर्षीची कारवी वाळून काटक्या झालीय, बोंडं मात्र तशीच चिकटलेली. पावसाची सर आली, आणि आत्या, सगळ्या उतारावर टक् टक् आवाज सुरू झाला, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. ओल लागली की बोंड फुटतं आणि बी लांब उडतं. एक माझ्या चष्म्यावर आपटलं. तुझ्यासाठी चार बिया पाकिटात घालणार होते, पण तिथून काही उचलायला बंदी आहे. खिशात घातलेल्या परत टाकल्या.

पुढचा बहर २०३२ ला. मी साठीची, तू नव्वदीला टेकलेली. गुडघे सांभाळ. कारवी दिसेल तिथपर्यंत रिक्षा जात नाही.

गणपतीला येते. आरतीला उभी राहीन, टाळही वाजवीन. पाटावर मात्र वहिनीला बसव.

तुझी,
सुमी