वरठीचे उंबर आणि त्यावरचे पाहुणे

नागपूरहून गोंदियाकडे जाणारी गाडी ‘भंडारा रोड’ला थांबते, तेव्हा नवखा प्रवासी भंडारा आले असे समजून उतरतो. हे गाव मात्र वरठी. भंडारा शहर अजून काही किलोमीटर दूर असते. एकीकडे रूळ, एकीकडे सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, आणि वस्ती संपली की धानाच्या बांध्या.

एप्रिलच्या एका सकाळी आम्ही सहकुटुंब या बांध्यांमधून फिरलो. उन्हाने सगळे पिवळे पडले होते, पण धुऱ्यावरचा उंबर फळांनी लगडलेला होता. त्यावर हरियाल, तांबट, बुलबुल, मैना, सगळ्यांची एकच पंगत बसली होती. हरियाल हा आपला राज्यपक्षी. पानांत असा मिसळतो की उडाल्यावरच कळतो.

दुर्मीळ गोष्टीला मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणतात, उर्दूत ‘गूलर का फूल’. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट हेरली. उंबराची फुले फळाच्या आत दडलेली असतात. तिथे शिरून परागीभवन करतात ती इवलीशी केंबरे. वड, पिंपळ, उंबर, प्रत्येकाचे केंबर वेगळे आणि प्रौढ केंबराचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात त्याला फुलोऱ्यावर आलेले दुसरे झाड गाठावे लागते. सिंगापूरमधील प्रयोगांत उष्णता वाढली तसे या केंबरांचे आयुष्य घटलेले दिसले. म्हणजे ऊन वाढले आणि मधली झाडेही तुटली, तर केंबर वाटेतच संपणार. मग फळ कुठले?

याची झळ सर्वांत आधी राखी धनेशाला बसेल. मार्च ते जून हा त्याच्या विणीचा काळ. मादी झाडाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते आणि फटीतून चोच तेवढी बाहेर काढते. तिचे आणि पिल्लांचे पोट नराच्या फेऱ्यांवर चालते आणि त्याची मोठी भिस्त वड-उंबरांवर. आत बसलेल्या मादीला दुसरीकडे अन्न शोधायला जाता येत नाही.

याच दिवसांत मोह फुलतो. पहाटे टपटपणारी फुले माणसांइतकीच पाखरांचीही. पण ऐन फुलोऱ्यात वादळ आले की बहार मातीत जातो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने विदर्भ-मराठवाड्याला कसे झोडपले, ते सर्वांना आठवत असेल. एका वर्षाच्या गारपिटीवरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. पण १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे केंद्र सरकारचा २०२० चा अहवाल सांगतो. आकडा लहान दिसतो, पण झाडे ऊन-पावसाच्या इशाऱ्यावरच फुलतात.

आपला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. ते आधीच ठाऊक असते, म्हणून घर तयारीत असते. झाडांचा बहार पुढेमागे झाला तर पाखरांना कोण कळवणार? ढोलीतली पिल्ले तोंड उघडून बसतात तेव्हाच फळ पिकलेले हवे. पंधरा दिवसांनी पिकले तर त्यांच्या काय उपयोगाचे?

धनेशाचे नाते एकतर्फी नाही. खाल्लेल्या फळांच्या बिया तो दूरवर टाकतो. तो कमी झाला की उद्याची झाडेही कमी होणार.

लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. वरठीसारख्या गावात ती पाळणे अवघड नाही. धुऱ्यावरचा उंबर सावलीने धान मारतो म्हणून तोडण्याआधी फांद्या छाटून भागते का, ते पाहावे. ढोली असलेले जुने झाड जळणासाठी पाडू नये. आणि पावसाळ्यात घराच्या भिंतीत वडा-पिंपळाचे रोप उगवले, तर ते मुळासकट अलगद काढून गावाच्या मोकळ्या जागेत लावावे. ते बी बहुधा एखाद्या पाखरानेच तिथे टाकलेले असते.