गोळी अर्धी करण्याआधी

माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला कोणीतरी उठता उठता, अगदी दाराशी पोचल्यावर विचारतं, "डॉक्टर, ती मूडची गोळी आता अर्धी केली तर चालेल ना?" न विचारताच अर्धी करणारेही असतात. त्यांच्यावर मला रागावता येत नाही, कारण मीसुद्धा तेच केलं होतं.

आई गेली त्या वर्षी मला नैराश्य आलं. मी फॅमिली डॉक्टर असूनही ते ओळखायला चार महिने घेतले, तो भाग वेगळा. मानसोपचारतज्ज्ञ सरांनी एस्सिटालोप्राम सुरू केलं. आधी ५ मिलिग्रॅम, आठवड्याने १०, आणि दीड महिन्यात पुरेसा फरक दिसेना म्हणून २०. डोस वाढला की दर वेळी आठ-दहा दिवस मळमळ, मधूनच जाग आणि अंगात एक विचित्र हुरहुर. मनाला मात्र अजून काहीच लाभ नाही! ही औषधं मनापर्यंत पोचायला दोन ते सहा आठवडे घेतात, त्रास मात्र पहिल्या दिवसापासून देऊ शकतात. अनेकजण इथेच गोळी सोडतात.

मग एका सकाळी मी अंथरूण आवरलं, कपाट लावलं, ओटा घासला. घरचे खूश. पण मनातलं 'हे सगळं कशासाठी' जसंच्या तसं होतं. कित्येक जणांत अंगातली ताकद आधी येते, उमेद मागून. या मधल्या काळात घरच्यांनी सावध राहायला हवं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आधीही असतील, पण तेवढं त्राण नसतं; आता ते आलेलं असतं. तरुणांमध्ये ही काळजी जास्त, म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये या औषधांवर मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. औषध देऊच नका, असा त्याचा अर्थ नाही. डोस सुरू होताना आणि बदलताना त्या माणसाला एकटं सोडू नका, एवढाच आहे. सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

उलट प्रकारही सांगून ठेवते. डोस वाढल्यावर कोणी तीन तास झोपूनही ताजंतवानं, अखंड बोलतंय, भराभर पैसे उडवतंय, तर ते 'बरं होणं' नसावं. तेही लगेच कळवा.

पुढे मी सावरले. काही महिन्यांनी सरांनी डोस २० वरून १० वर आणला. मला काही जाणवलंसुद्धा नाही. म्हणून दिवाळीच्या तोंडावर गोळ्या संपल्या तेव्हा मी नव्या आणल्याच नाहीत. २० वरून १० जमलं, मग १० वरून शून्य का नाही?

तिसऱ्या दिवशी चकल्या तळताना मान वळवली आणि डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसला. जिना उतरताना भोवळ. रात्री भडक स्वप्नं. लेकीच्या हातून चिवड्याचा डबा लवंडला, तर मी तिच्यावर इतकी ओरडले की ती दार लावून बसली. पाचव्या दिवशी रडू थांबेना. वाटलं, आजार परत आला. आता जन्मभर हेच.

सरांनी फोनवर दोनच प्रश्न विचारले. "कधीपासून? आणि मागच्या आजारात हे झटके होते का?" नव्हते. "अगं, मग हा आजार नाही. गोळी चालू कर, परवा फोन कर." परवापर्यंत मी जवळजवळ ठीक होते.

आजार परततो तो बहुधा आठवड्यांनी, हळूहळू, आपल्या जुन्या चेहऱ्याने. गोळी तुटल्याचा त्रास दोन-चार दिवसांत येतो, झटके-भोवळ घेऊन, आणि गोळी घेतली की लवकर निवतो. सगळ्यांनाच होतो असं नाही. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिनला जास्त. फ्लुओक्सेटिनला कमी, कारण ते शरीरात बरेच दिवस रेंगाळतं. म्हणूनच बाकीच्या गोळ्या 'एक दिवसाआड' घेण्याची आपली घरगुती युक्ती फसते: एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी साधारण ३० तासांत निम्मी होते आणि मेंदू दररोज वरखाली हेलकावे खातो.

आणि माझं गणित कुठे चुकलं? कपभर चहात पहिला चमचा साखर लगेच कळते, पाचवा चमचा कळत नाही. मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतं की नेहमीच्या किमान डोसलाच औषधाने आपल्या सुमारे ८० टक्के जागा व्यापलेल्या असतात. २० वरून १० म्हणजे पाचवा चमचा काढणं. शेवटचे ५ काढणं म्हणजे पहिला. त्यामुळे शेवटच्या पायऱ्या सर्वात लहान हव्यात.

दुसऱ्या खेपेला मी १० वरून साडेसात, मग ५, मग अडीच असं करत सात महिने घेतले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज तीनच गोष्टी लिहायचे: डोस, झोप किती, आणि आज कोणावर ओरडले. तिसरा रकाना लेक भरायची. तुम्ही गोळीबद्दल विचारायला याल तेव्हा असं महिनाभराचं कॅलेंडर घेऊन या; आणि दाराशी नको, बसल्या बसल्याच विचारा.