पिवळे दिवस संपले!

हुश्श! तब्बल पाच आठवड्यांनी या सोमवारी ऑफिसला गेलो. पहिला धक्का: पासवर्ड एक्स्पायर झालेला. दुसरा धक्का: जिना. लिफ्टला रांग होती म्हणून सवयीने जिन्याने निघालो आणि दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा! तिसरा जरा खोलवर लागला. मी नसताना रिलीज अगदी वेळेवर झालं होतं. आणि मी येडा तापात मेल बघत होतो!

तर झालं असं, की मला कावीळ झाली होती. हिपॅटायटिस ए. दूषित पाण्यातून नाहीतर अन्नातून हा विषाणू पोटात जातो आणि साधारण दोन ते सात आठवड्यांनी, आपण काय खाल्लं ते विसरल्यावर, रंग दाखवतो. त्यामुळे गुन्हेगार कोपऱ्यावरची पाणीपुरी की लग्नातलं सरबत, हे शोधायला लॉगच नाहीत! बिलिरुबिन एकच्या आसपास हवं, माझं ११ होतं.

डॉक्टर म्हणाले, "यावर खास औषध नाही. विश्रांती घे. आणि मनाने पॅरासिटामॉलसुद्धा घेऊ नकोस."

आई साताऱ्याहून धावत आली ती गावच्या वैदूची पुडी घेऊनच. मी भडकलो. "त्यात काय आहे ते त्यालाही ठाऊक नसेल, लिव्हर माझं जाईल!" आणखीही नको ते बोललो. तिने पुडी पर्समध्ये ठेवली, पुन्हा विषय काढला नाही. मग महिनाभर मऊ भात, उकळलेलं पाणी, आणि रोज सकाळी मला खिडकीशी उभं करून डोळे तपासणं. "आज कमी आहे रे पिवळं." रिपोर्टच्या आधी तिला कळायचं.

गेल्या रविवारी तिला स्वारगेटला सोडलं. एसटी सुटता सुटता कसंबसं म्हणालो, "आई, त्या दिवशी जास्तच बोललो गं."

तर म्हणते कशी, "पुडी मी केव्हाच टाकली. रिकाम्या हातानं कशी येणार होते, म्हणून आणलेली."

यावर काय बोलणार, सांगा?

असो. हिपॅटायटिस ए एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. म्हणजे मी सुटलो! तुम्ही मात्र डॉक्टरांना लशीबद्दल जरूर विचारा. पाणीपुरी कुठे पळून जात नाही.

चला, उद्याच्या बाटलीचं पाणी उकळायला ठेवलंय. गॅस बंद करून येतो.